हरल्यावर आधी वही उघडा

३१ मार्च २०१६ च्या रात्री वानखेडेवर भारत वेस्ट इंडीजकडून हरला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दादरला मी लोकलमध्ये चढलो तोवर खटला संपलेला होता. दारापाशी लटकलेले म्हणत होते, अश्विनचा पाय नडला. खिडकीशी बसलेले म्हणत होते, अश्विनचा नव्हे, पंड्याचा. एका गृहस्थांनी दोघांनाही गप्प केलं आणि ठणकावून सांगितलं, रहाणेने पस्तीस चेंडू घालवले तिथेच सामना गेला. चर्चगेट येईपर्यंत एवढंच चाललं होतं. आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून मी त्या सामन्याची वही भरली होती आणि ती माझ्या पिशवीत होती. काढावी असं फार वाटलं, पण त्या गर्दीत हात हलवायला जागा नव्हती. राहून गेलेलं ते काम आज करतो.

मी खेळाडू नव्हे, स्कोअरर. कांगा लीगचे आणि आझाद मैदान, क्रॉस मैदानावरचे इतर सामने मी पुष्कळ वर्षं लिहिले. पावसाळ्यात तंबू गळत असताना वहीवर प्लॅस्टिक धरून लिहिले. या कामाने एक सवय लागते. वहीत प्रत्येक चेंडूला सारखीच जागा असते. पहिल्या षटकातल्या बिनधावेच्या चेंडूचा जेवढा ठिपका, तेवढाच शेवटच्या षटकातल्या षटकाराचा आकडा. सामना बघणाऱ्याला शेवटचे दहा चेंडू लक्षात राहतात; लिहिणाऱ्याला सगळेच लिहावे लागतात. म्हणून हरलेल्या सामन्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी मानतो.

हरल्यावर वाद घालू नका, असं मी सांगणार नाही. जरूर घाला. सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी काही बोलत नसेल तर त्या गावात क्रिकेट उरलेलं नाही. माझं मागणं वेगळं आहे. वाद सामन्याचा घाला. आपण बहुतेक वेळा सामन्याबद्दल बोलतच नाही. एक माणूस शोधतो, त्याच्या नावावर पराभव टाकतो आणि हात झटकून कामाला लागतो.

वीस षटकांच्या खेळात हे फार सोपं होतं. कसोटी पाच दिवस चालते, तिथे पराभव सावकाश येतो, बघणाऱ्यालाही त्याची कारणं हळूहळू उमगतात. इथे साडेतीन तासांत सगळं उरकतं. डाव दोन, चेंडू २४०. जो सामना शेवटच्या षटकात जातो, त्यात या २४० पैकी कोणताही एक चेंडू बदलला तर निकाल बदलू शकतो. मग ज्याला जो चेंडू आठवतो, तो त्याला कारण वाटतो. आठवतात ते शेवटचे, नाहीतर टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलेले.

तर वही. नाणेफेक डॅरेन सॅमीने जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. भारत २० षटकांत २ बाद १९२. रोहित शर्मा ३१ चेंडूंत ४३, अजिंक्य रहाणे ३५ चेंडूंत ४०, विराट कोहली ४७ चेंडूंत नाबाद ८९, धोनी ९ चेंडूंत नाबाद १५. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात १९२ म्हणजे कोणत्याही कर्णधाराने आनंदाने घेतले असते असे. वेस्ट इंडीज १९.४ षटकांत ३ बाद १९६. ख्रिस गेल ५ वर बुमराहच्या चेंडूवर त्रिफळाचीत, सॅम्युअल्स ८, जॉन्सन चार्ल्स ३६ चेंडूंत ५२, आंद्रे रसेल २० चेंडूंत नाबाद ४३, आणि लेंडल सिमन्स ५१ चेंडूंत नाबाद ८२.

सिमन्स तीनदा वाचला हे सगळ्यांना आठवतं. १८ वर असताना अश्विनच्या चेंडूवर बुमराहने झेल घेतला, तो नो-बॉल निघाला. ५० वर असताना पंड्याच्या चेंडूवर अश्विनने झेल घेतला, तोही नो-बॉल. पुढे सीमारेषेवर जडेजाने चेंडू पकडून कोहलीकडे फेकला, कोहलीने तो झेलला, सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, आणि रिप्लेमध्ये दिसलं की जडेजाचा पाय दोरीला लागला होता. स्कोअरच्या वहीत नो-बॉलवर घेतलेल्या झेलाला जागा नसते. एक गोल काढायचा, पुढे लिहायचं. माझ्या वहीत ते दोन गोल आहेत. त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. पहिल्या गोलानंतर सिमन्सने आणखी ६४ धावा केल्या.

पण पानं उलटत बसलं की दुसरंही दिसतं. भारताच्या डावात चौकार १७ आणि षटकार ४. चौकार-षटकारांतून आलेल्या धावा ९२. वेस्ट इंडीजच्या डावात चौकार २० आणि षटकार ११. त्यातून आलेल्या धावा १४६. म्हणजे आपण उरलेल्या १०० धावा पळून आणि अवांतरातून जमवल्या, त्यांनी जेमतेम ५०. कोहली त्या रात्री एकाच्या दोन करत ज्या ताकदीने पळत होता ते पाहून कोणाचीही छाती भरून यावी, पण त्या घामातून जे मिळत होतं ते समोरचे एका फटक्यात घेत होते. हा अश्विनच्या पायाचा प्रश्न नाही. संघ कोणत्या पद्धतीने धावा करतो, खाली किती जणांना षटकार मारता येतो, सुरुवातीच्या षटकांत किती धोका पत्करायचा, हा प्रश्न आहे. त्यावर खरं तर महिनाभर वाद व्हायला हवा होता. झाला तो पायावर.

मग दव. मार्चअखेरीला मुंबईत संध्याकाळ उतरली की मैदानावरचं गवत ओलं होतं. चेंडूचं कातडं भिजतं. फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पकड मिळत नाही, चेंडू निसटतो, वळत नाही, बॅटवर छान येतो. वेगवान गोलंदाज यॉर्कर टाकायला जातो आणि फुल टॉस पडतो. गोलंदाज दर चेंडूला टॉवेलने चेंडू पुसताना दिसला तर समजावं की दव पडलंय. त्या रात्री अश्विनला दोनच षटकं मिळाली आणि त्यांत २० धावा गेल्या. जडेजाच्या चार षटकांत ४८. याच दोघांच्या फिरकीवर भारतीय संघाचा सगळा भार होता. नाणेफेक उलटी पडली असती तर ओला चेंडू त्यांच्या फिरकीपटू बद्रीच्या हातात असता. यात आपल्या कोणाची चूक?

आता एक नोंद अशी, जी लोकलमध्ये कोणीच काढली नाही. कोहली नुकताच खेळायला आला होता, एका धावेवर होता, तेव्हा एकाच चेंडूवर तो दोनदा धावबाद होता होता वाचला. आधी यष्टिरक्षकाचा नेम चुकला, मग ब्राव्होचा. तो चेंडू यष्टींना लागला असता तर पुढच्या ८८ धावा नव्हत्या. वेस्ट इंडीज हरलं असतं तर त्यांच्याकडे हाच वाद रंगला असता, ब्राव्होच्या हाताचा. आपल्या वाट्याला आलेलं नशीब आपण आपली लायकी समजतो आणि समोरच्याच्या वाट्याला आलेलं नशीब आपल्या माणसाचा गुन्हा. हे दोन्ही एका रात्रीत, एकाच वहीत लिहिलेलं आहे.

आणि आशिष नेहरा. वय ३६, चार षटकं, २४ धावा, एक बळी. १९६ धावा झालेल्या डावात, ओल्या चेंडूने. त्या रात्रीची ती सगळ्यात उत्तम गोलंदाजी होती असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पराभवानंतर दोषी शोधायच्या नादात आपण असं चांगलं कामही पुसून टाकतो.

रहाणेबद्दल बोलायलाच हवं, कारण तो आपला, आणि आपल्या माणसाबद्दल आपण सरळ बोलत नाही. मी स्वतः त्या आठवड्यात घरात आणि सोसायटीत रहाणेची बाजू हिरिरीने मांडली. पहिल्या गड्यासाठी रोहितबरोबर ६२ धावांची भागी झाली, डाव सांभाळला, शिखर धवनच्या जागी ऐनवेळी आला, वगैरे. सगळं खरं होतं. पण तोच डाव दिल्लीच्या एखाद्या फलंदाजाने खेळला असता तर मी तेच बोललो असतो का? नसतो. वीस षटकांच्या सामन्यात ३५ चेंडूंत ४० धावा हा बचावाचा खेळ होता आणि १९२ ऐवजी २०५ होऊ शकल्या असत्या, असं म्हणायला जागा आहे. तसं म्हणणं म्हणजे रहाणेचा अपमान नव्हे. उलट, मुंबईचा आहे म्हणून पाठराखण किंवा मुंबईचा आहे म्हणून संघात घेतला असा आरोप, या दोन्हीत फलंदाजी कुठेच येत नाही. आपल्या घरातल्या वादांत हे फार चालतं. कोणी मुंबईचा, कोणी चेन्नईचा, कोणी या आयपीएल संघाचा, कोणी त्या. सामना भारताचा असतो आणि भांडण लीगचं.

टीका कशी करावी, तर नेमकी करावी. नो-बॉल ही गोलंदाजाची चूक आहे. फलंदाज, पंच, खेळपट्टी कोणाचाही त्यात हात नसतो. पाऊल गोलंदाजाचं असतं आणि रेषा जागची हलत नाही. फिरकी गोलंदाज चार-पाच पावलांवरून येतो, त्याने तर रेषा ओलांडूच नये. हे स्पष्ट बोला. सरावात नो-बॉलकडे दुर्लक्ष होतं का, हे विचारा. शेवटच्या षटकात आठ धावा हव्या असताना अश्विनची दोन षटकं शिल्लक होती आणि चेंडू कोहलीच्या हातात दिला, हा निर्णय बरोबर होता का, यावरही वाद घाला. दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. ओल्या चेंडूने फिरकी टाकून रसेलपुढे उभं राहणं कठीण होतं, आणि कोहलीने आधी आपल्या पहिल्याच चेंडूवर चार्ल्सला बाद केलं होतं. उलट बाजूने, संघातल्या मुख्य गोलंदाजाला अशा वेळी नाही वापरायचं तर केव्हा? अशा वादातून ऐकणाऱ्याला खेळ कळतो. जडेजाचा पाय दोरीला लागला, ते मात्र चुकीच्या यादीत घालू नका. जाणारा षटकार त्याने जिवाच्या आकांताने अडवला होता. बोटभर अंतर चुकलं. दोरीपासून दोन पावलं दूर उभा राहून चेंडू डोक्यावरून जाऊ दिला असता तर त्याचं नावही कोणी घेतलं नसतं. असा प्रयत्न करणाऱ्याला आपण शिव्या घातल्या तर पुढचा क्षेत्ररक्षक प्रयत्नच करणार नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा. जे मी आता ठामपणे म्हणतोय, ते काल नाणेफेकीच्या वेळी म्हणालो होतो का? दहाव्या षटकाला तरी म्हणालो होतो का? नसेल, तर ते मत निकाल बघून सुचलेलं आहे. निकाल कळल्यावर कारणं सुचायला अक्कल लागत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या विजयातच आहे. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. कोहलीने ५९ चेंडूंत ७६ केल्या; पहिल्या पन्नास धावांना ४८ चेंडू लागले. अक्षर पटेलच्या एका षटकात क्लासेनने झोडपून २४ धावा वसूल केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर मिलरने उंच मारलेला चेंडू सूर्यकुमारने दोरीवर पकडला, आत फेकला, बाहेर जाऊन परत आत आला आणि झेल पुरा केला. वानखेडेवर जडेजाचं जे बोटभर चुकलं होतं, ते इथे साधलं. भारत सात धावांनी जिंकला, कोहली सामनावीर. सूर्यकुमारचा बूट दोरीला लागला असता तर? दुसऱ्या दिवशी तुम्ही-आम्ही कोहलीच्या ४८ चेंडूंवर आणि अक्षरच्या षटकावर तुटून पडलो असतो. खेळी तीच, षटक तेच. ज्या डावाला आज आपण संयमाचा डाव म्हणतो, त्याला स्वार्थी म्हणालो असतो.

हरलेल्या सामन्याच्या वादात आणखी एक माणूस हरवतो, तो म्हणजे समोरचा. आपण नेहमी आपण कसे हरलो ते बोलतो. ते कसे जिंकले ते बोलत नाही. लेंडल सिमन्स त्या स्पर्धेत सुरुवातीपासून संघासोबत नव्हता. आंद्रे फ्लेचर जखमी झाला म्हणून त्याला ऐनवेळी बोलावलं. वानखेडे त्याला ठाऊक होतं, कारण आदल्याच वर्षी मुंबई इंडियन्सच्या निळ्या कपड्यात तो इथेच खेळला होता आणि आपणच टाळ्या वाजवल्या होत्या. प्रत्येक जीवदानानंतर तो बिचकला नाही, मारत राहिला. गेल दुसऱ्याच षटकात गेला असताना १९३ चा पाठलाग इतक्या शांतपणे करणं सोपं होतं का? वेस्ट इंडीजचा हा संघ तीन दिवसांनी ईडन गार्डन्सवर विश्वविजेता झाला. आपण एका जबरदस्त संघाकडून शेवटच्या षटकात हरलो होतो, हे वाक्य त्या शुक्रवारी संपूर्ण डब्यात कोणी उच्चारलं नाही.

मिरपूरला ६ एप्रिल २०१४ रोजीही हेच झालं. श्रीलंकेविरुद्ध टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत ४ बाद १३०, युवराज सिंग २१ चेंडूंत ११. शेवटच्या चार षटकांत भारताच्या अवघ्या १९ धावा झाल्या. त्या का झाल्या, तर मलिंगा आणि कुलसेकरा यांनी ऑफ यष्टीच्या बाहेर, बॅट जेमतेम पोचेल अशा जागी एकामागून एक यॉर्कर टाकले. अशी शिस्तीची गोलंदाजी नवशिक्यांना दाखवावी. संगकारा आणि जयवर्धने या दोघांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना होता. संगकाराने नाबाद ५२ करून चषक नेला. आपल्याकडे काय झालं? चंडीगडला युवराजच्या घरावर दगड पडले. ज्याने २००७ मध्ये एका षटकात सहा षटकार मारले, २०११ च्या विश्वचषकात जो मालिकावीर ठरला आणि त्यानंतर कर्करोगाशी झुंजून मैदानावर परतला, त्याच्या घरावर. एकवीस चेंडूंसाठी.

दगड मारणारे चार-दोन असतात, हे मला मान्य आहे. पण ते आकाशातून पडत नाहीत. दिवसभर कट्ट्यावर, घरात, मोबाइलवर आपण जे बोलत असतो, त्याच बोलण्याला शेवटी हात फुटतात.

पुढे तर दगडांचीही गरज उरली नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. बाबर नाबाद ६८, रिझवान नाबाद ७९. भारताच्या एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नाही. पण घाण फेकली गेली ती मोहम्मद शमीवर, आणि ती त्याच्या ३.५ षटकांत गेलेल्या ४३ धावांमुळे नव्हे, त्याच्या धर्मामुळे. कर्णधार कोहली त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभा राहिला, तर कोहलीच्या वर्षही न झालेल्या मुलीबद्दल लिहू नये ते लिहिलं गेलं. त्या प्रकरणी एका तरुणाला अटक झाली. पुढच्या वर्षी, ४ सप्टेंबर २०२२ ला, आशिया चषकात पुन्हा दुबईत, अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला. विकिपीडियावरच्या त्याच्या पानात कोणीतरी खलिस्तानचा उल्लेख घुसडला. तेवीस वर्षांच्या पोराच्या. आता त्या सामन्याची वही बघा. झेल सुटला अठराव्या षटकात. एकोणिसाव्या षटकात १९ धावा गेल्या, त्या भुवनेश्वरच्या गोलंदाजीवर. शेवटच्या षटकात पाकिस्तानला सातच हव्या होत्या आणि चेंडू अर्शदीपच्याच हातात होता. झेल सोडून फार वेळही झाला नव्हता, आणि त्याने त्याच आसिफ अलीला पायचीत केलं. सामना पाचव्या चेंडूपर्यंत खेचला. धैर्य याला म्हणतात.

इथे माझं सांगणं विनंतीचं नाही, निक्षून आहे. खेळाडूचा धर्म, जात, प्रांत, बायको, आई-बाप, मुलं यांचा पराभवाच्या चर्चेत काहीही संबंध नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असं काही आलं तर गप्प बसू नका. गटात मोठे काका असतील, साहेब असतील, तरी सांगा की हे पाठवू नका. वाईटपणा येईल, घ्या. शमीच्या वेळी किती घरांत किती शहाणी माणसं नुसतं वाचून पुढे गेली असतील. मीही एकदा गेलो, आणि ते मला आजही खुपतं.

महिला संघाच्या बाबतीत वेगळं काही घडत नाही. २३ फेब्रुवारी २०२३, केपटाऊन, ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी विश्वचषकाचा उपांत्य सामना. हरमनप्रीत ५२ वर खेळत होती, दुसरी धाव घेताना बॅट जमिनीत अडकली आणि ती धावबाद झाली. भारत पाच धावांनी हरला. त्या बॅटवरून तिला किती ऐकून घ्यावं लागलं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत एकदिवसीय विश्वचषक उचलला तो तिच्याच संघाने, तिच्याच कर्णधारपदाखाली.

मैदानावरची एक गोष्ट सांगतो. आझाद मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. त्या मैदानावर खेळपट्ट्या एकमेकींत घुसलेल्या असतात. शेजारच्या सामन्याचा कव्हर आपल्या सामन्याच्या पॉइंटपाशी उभा असतो. शेवटून दुसऱ्या षटकात मिडविकेटला एका मुलाच्या हातून झेल सुटला. संघ हरला. तंबूबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांनी सगळ्यांदेखत त्याला नको ते शब्द ऐकवले. ते शब्द त्यांचे नव्हते. त्या आठवड्यात कोणत्याशा मोठ्या सामन्यानंतर एका मोठ्या खेळाडूसाठी जे मोबाइलवर फिरत होते, तेच. मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही ते वहीत लिहिलंत?" मी त्याला पान दाखवलं. सुटलेल्या झेलाची वहीत खूण नसते. त्या चेंडूपुढे दोनचा आकडा होता, बाकी काही नाही. त्याने बराच वेळ त्या दोनकडे पाहिलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच संघाचा सामना लिहायला होतो. कर्णधार क्षेत्ररक्षण लावत होता आणि हा मुलगा त्याला सांगत होता, जिथे चेंडू येणार नाही तिथे मला उभा कर.

घरात टीव्हीसमोर आपण जे ओरडतो ते शेजारी बसलेलं पोर ऐकत असतं. झेल सोडला की माणूस नालायक ठरतो, हे ते शिकतं. मग ते चेंडूपासून लांब उभं राहायला शिकतं.

काहींचा राग पैशाचा असतो, हेही बोलून टाकू. मोबाइलवर पैसे लावून संघ बनवायचे, आणि आपल्या कर्णधाराने पाच धावांवर बाद होऊन आपले पैसे घालवले म्हणून त्याला शिव्या द्यायच्या, हे काही वर्षं घरोघरी चाललं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशाचे असे ऑनलाइन खेळ बंद केले. चांगलं झालं. चोरून कोणी अजून लावत असेल तर त्याने निदान त्या रागाला क्रिकेटप्रेम म्हणू नये.

एका षटकावर माणूस मोजता येत नाही, याला पुरावे हवे असतील तर कितीही देता येतील. ३ एप्रिल २०१६ ला ईडनवर अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजला शेवटच्या षटकात १९ हव्या असताना बेन स्टोक्सच्या पहिल्या चार चेंडूंवर ब्रेथवेटने चार षटकार मारले. स्टोक्स खेळपट्टीवर डोकं धरून बसला. इंग्लंडने त्याला टाकून दिलं नाही. २०१९ चा एकदिवसीय आणि २०२२ चा टी-ट्वेंटी, दोन्ही विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत तो नाबाद राहिला. बुमराहने २०१७ मध्ये टाकलेल्या एका नो-बॉलचं चित्र एका शहराच्या वाहतूक पोलिसांनी रेषा ओलांडू नका म्हणून फलकावर लावलं होतं. तोच बुमराह २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात १५ बळी घेऊन मालिकावीर झाला, आणि त्याच स्पर्धेत १७ बळी घेतले ते अर्शदीपने.

पुढे एखादा सामना आपण कधीतरी हरणारच आहोत. त्या रात्री रागाच्या भरात काही लिहू नका, कोणाला पाठवू नका, झोपा. सकाळी धावफलक उघडा. पहिल्या षटकापासून वाचा. सामना फिरवणारे पाच चेंडू कागदावर लिहा, आणि त्यांतले निदान दोन असे लिहा की जिथे नशीब आपल्या बाजूने होतं. मग टपरीवर जा, लोकलमध्ये चढा, भरपूर भांडा. आणि बोलायला सुरुवात करताना पहिलं नाव समोरच्या संघातल्या खेळाडूचं घ्या.